शीट खाली कुणी घेतलं

सायकल दुरुस्त करणाऱ्यानं गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघू नये, सायकलीकडे बघावं. तोंड खोटं बोलतं. निपाणीत जुन्या रस्त्याला माझं दुकान होतं, तिथं उभं आयुष्य काढलं आणि एवढं एकच शिकलो. पुढचा फोर्क मागं वाकलेला, रिमचा आठ झालेला, हँडल भलतीकडे तोंड करून बसलेलं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "काय न्हाय केलं हो आप्पा, भिताडाला टेकवून उभी केलती, आपोआप झालं." मी फोर्कावरचा रंग बघायचो. त्याला बैलगाडीच्या चाकाचं वंगण लागलेलं असायचं. मी काही बोलायचो नाही, पण मनात धरून ठेवायचो. माणूस एकदा खोटं बोलला की त्याच्या पुढच्या पंक्चरवर पण मी इश्वास ठेवला नाही.

ह्या अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला की हल्ली लोक हायब्रीड सायकली घेतात, आठवडाभर कामावर जायला आणि रविवारी लांब फिरायला. दुकानात दोन सारख्याच उभ्या असतात, कुठली घ्यावी कळत नाही, तर त्यावर लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. लिहीन तसं छापा म्हणालो. सायकलीचं सांगतोच. पण मी शेवटची हायब्रीड निवडून दिली ती माझ्या जावयाला, आणि ती निवडताना त्याच्याबद्दल माझ्या मनात काय काय आलं ते बाजूला ठेवून नुसतं सायकलीचं मला सांगता येणार नाही.

हायब्रीड हा शब्द आमच्या पिढीला ठाऊक आहे तो ज्वारीमुळं. कणसं ही मोठी, आणि भाकरी खाल्ली तर तोंडाला चव नाही. त्यामुळं त्या नावाची सायकल पहिल्यांदा दुकानात आली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सोपं करून सांगतो. एक असते शर्यतीची सायकल, बारीक टायरची, वाकून चालवायची. दुसरी डोंगराची, जाड टायरची, दगडाधोंड्यातून जाणारी. ह्या दोघींच्या मधली ती हायब्रीड. टायर मधला, हँडल सरळ, पाठ ताठ ठेवून बसता येतं, गेअर असतात. कामाला पण चालते, घाटाला पण चालते. दोन्हीकडं चालणारी वस्तू कुठंच धड चालत नाही असं माझं मत होतं. आमच्या शालनचं नव्हतं.

शालन म्हणजे माझी बायको. मागच्या थंडीत ती गेली. तिचं माहेर खानापूर तालुक्यातलं गुंजी. लग्न होऊन निपाणीत आली तेव्हा शेजारणींबरोबर विड्या वळायला बसायची. पुढं दुकानात हाताखाली माणूस मिळेना, म्हणून ती चाकं भरायला लागली. चाक भरणं म्हणजे रिकाम्या रिममध्ये आरे ओवून ते ताणून बसवणं. विड्या वळलेली बोटं, तिला दोन दिवसांत जमलं. चाक फिरताना डावीउजवीकडं हलायला लागलं तर त्याला आम्ही आउट म्हणतो. मी आउट काढायचो डोळ्यानं बघून. ती काढायची कानानं. चाक फिरवून रिमला अंगठ्याचं नख धरायची, तोंड दुसरीकडंच, गिऱ्हाइकाशी गप्पा चालू, आणि मध्येच एका आऱ्याला पिळा द्यायची. चाक गप्प.

आमची वाटणी ठरलेली होती. मी संशय घ्यायचा, तिनं इश्वास ठेवायचा. मी म्हणायचो, ह्याला सायकल देऊ नको, हा महिन्यात मोडून आणतोय. ती म्हणायची, "द्या हो. त्याच्या आईला दवाखान्यात न्यायचं असतंय." तिला कसं कळायचं? ती विचारायची. मी कधी विचारलं नाही.

सायकल विकायची तिची एक रीत होती. नवी सायकल बघायला माणूस आला की ती म्हणायची, आज नको, उद्या या. उद्या तुमच्या रोजच्या चपला घालून या, आणि रोज जे वझं नेता ते घेऊन या. चिकोडीकडचा एक जैन शेतकरी होता, बाळगोंडा नावाचा. त्याला गेअरची, झकपक सायकल पाहिजे होती. रोज तंबाखूच्या वखारीत कामाला यायला, आणि अमावास्येला देवदर्शनाला स्तवनिधीचा घाट चढायला. शालननं त्याला वझं घेऊन ये म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या आला तो दुधाची कासंडी, तेलाचा डबा आणि म्हातारी आई घेऊन. म्हातारी म्हणाली, "अमाशेला मला कोण न्हेणार तर?" झकपक सायकलीला कॅरिअर लावायला भोकंच नव्हती. शालननं त्याला साधी, मजबूत कॅरिअरची सायकल दिली, आणि म्हातारीला बसायला पोत्याची घडी शिवून दिली. मी म्हणालो, "मोठं गिऱ्हाईक घालवलंस." ती म्हणाली, "गिऱ्हाईक आई हाय. पोरगं नुसतं पायडल मारणार."

आता मुद्द्यावर येतो.

आमची एकुलती एक मुलगी सुनंदा बेळगावजवळ पिरनवाडीला दिली आहे. जावई परशराम उद्यमबागेत कारखान्यात लेथवर काम करतो. माणूस कमी बोलणारा. कमी बोलणारा माणूस मला कधीच पटला नाही, कारण त्याचं खोटं पकडायला काही हाताला लागत नाही. त्यात लग्नाची गोष्ट. लग्नात मी त्याला सायकल दिली होती. साधी दुकानातली उचलून दिली नव्हती. फ्रेम मी निवडली होती, दोन्ही चाकं शालननं भरली होती. मांडवात चार माणसांसमोर मी म्हणालो, "पावनं, एक फेरी मारून दाखवा." जावई म्हणाला, पाय मुरगाळलाय. आणि सहा महिन्यांत ती सायकल त्यानं धाकट्या भावाला देऊन टाकली. स्वतः बसनं कामाला जायचा. माझ्या हातची सायकल ह्याला नको झाली, हे मी पोटात ठेवलं. पोरगी तिथं नांदत होती, बोलणार काय.

शालन आजारी पडली तेव्हा बेळगावच्या दवाखान्याला जवळ म्हणून ती पिरनवाडीलाच राहिली. मी दुकान सांभाळत निपाणीला. आठवड्याला एकदा जायचो, पोटभर बघायचो, बस धरून परत. ती गेली, आणि सुनंदानं मला काही परत जाऊ दिलं नाही. दुकानाला कुलूप. माझा पलंग परसाकडच्या खोलीत, जिथं तिचा होता. परसात नातीची जुनी लेडीज सायकल गंजत उभी. नात धारवाडला शिकायला. दिवसभर घरात मी आणि ती सायकल.

मग माझ्या लक्षात आलं की जावई दर रविवारी सकाळी कारखान्यातल्या एका सोबत्याची सायकल घेऊन कुठंतरी जातो. बसशिवाय पाऊल न टाकणारा माणूस, पन्नाशीला आला आणि सायकल? दुपार टळून गेल्यावर यायचा. घामाघूम, पण तोंडावर एक वेगळंच समाधान. ते समाधान मला आवडलं नाही.

सुनंदाला विचारलं, "ह्यांचं रविवारचं काय काम असतंय गं?"

"फिराय जात्यात आप्पा. खानापूर, गुंजीकडं."

"रिकाम्या हातानं?"

"फिराय जाताना बोचकं घिऊन जात्यात व्हय?" म्हणाली आणि हसून आत गेली. जरा घाईनंच गेली. तेव्हा मला वाटलं, हिला काहीतरी माहीत आहे आणि ही गिळून बसली आहे.

तिथून मी सायकल बघायला सुरुवात केली. तोंडाकडं बघायचंच नव्हतं. सोबत्याची ती सायकल शनिवारी संध्याकाळी यायची आणि सोमवारी परत जायची. रविवारी संध्याकाळी ती परसात उभी असताना मी जवळ जाऊन बसायचो. टायरला तांबडी माती. म्हणजे खानापूरकडं जातो हे खरं. पण शीट. हल्लीच्या सायकलींना शीटखाली एक खटका असतो. तो उलटा केला की पाना न लावता शीट वर किंवा खाली करता येतं. जिथं नळी आवळली जाते तिथं तिच्यावर बारीक गोल चरा पडतो. सकाळी शीट एका उंचीला होतं. संध्याकाळी नळी आवळली होती तिथून वर ताजा चरा होता; शीट खाली गेलं की चरा नळीवर वर पडतो. म्हणजे वाटेत कुठंतरी शीट खाली घेतलं होतं, आणि घरी येताना पुन्हा वर केलं होतं.

शीट खाली कधी घेतात? बुटकं माणूस बसणार असेल तर. सायकलच्या धंद्यात ह्याला दुसरं उत्तर नाही. जावई काही बुटका नाही. मग त्या सायकलीवर रविवारी बसतं कोण? आणि पुढच्या रविवारी तर दोन चरे निघाले, वेगवेगळ्या उंचीचे. मला जेवण गेलं नाही.

आणखी एक. सकाळी निघताना तो गल्लीत सायकलवर बसायचा नाही. चेनच्या बाजूला उभा राहून, उलट्या अंगानं, ढकलत ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायचा. शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून असणार, मी म्हटलं. चोरासारखा.

शालन असती तर म्हणाली असती, विचारा की त्यास्नी. ती नव्हती. नुसता संशय उरला होता, त्याला आवरणारं माणूस गेलं होतं. आणि पोरीच्या घरात बसून, तिचंच अन्न खात, मी तिच्या संसारातली भेग शोधत होतो. सापडली तर काय करणार होतो? तिला निपाणीला घेऊन गेलो असतो. कुलूप उघडलं असतं. असं सगळं मनात मांडून झालं होतं.

अशात एके दिवशी जावई जेवताना म्हणाला, "मामा, सोबत्याला त्याची सायकल माघारी पायजे. आता आपलीच घ्यावी म्हणतोय. रोज कामाला बी हुईल. बेळगावात दोन बघून ठेवल्यात, दोन्ही सारख्याच दिसत्यात. तुमी चला की."

मी म्हटलं, चला. "रोजच्या चपला घाला, आणि रोजची पिशवी घ्या." त्यानं माझ्याकडं जरा चमकून बघितलं. पण घेतली. पिशवीत डबा, पाण्याची बाटली, एक जादा शर्ट. "आणि रविवारचं वझं?" "रविवारी काय न्हाय मामा. रिकामाच जातो." ते मी मनात लिहून ठेवलं.

दुकान झगमगीत. विकायला एक तरणी पोरगी. एक निळी आणि एक राखाडी सायकल तिनं समोर आणून उभ्या केल्या. "आजोबा, दोन्ही सेमच आहेत," ती म्हणाली. सेमच आहेत तर दोन कशाला, हा माझा पहिला संशय. मी दोन्ही उलट्या करून शीटवर आणि हँडलवर उभ्या केल्या. डाग बघितले, म्हणजे नळ्या जिथं जोडतात त्या जागा. एकाच कारखान्यातल्या वाटत होत्या. नखानं स्टिकर उचलायला गेलो तर पोरगी म्हणाली, "आजोबा, स्टिकर काढू नका ना."

आता वाचणाऱ्यांनी ऐका. अशा दोन सायकली समोर आल्या की रंग आणि गेअरचा आकडा सोडून द्यायचा. गेअर दोन्हीला गरजेपेक्षा जास्तच असतात. बघायचं ते पुढच्या फोर्काकडं. निळीला पुढं शॉक होता, दाबला की खाली जाणारा. राखाडीचा फोर्क साधा. शॉक बघून माणूस भाळतो. पण स्वस्तातला शॉक वजन वाढवतो, आणि चढावर तुम्ही जोर लावता तो थोडा आपणच गिळतो. बेळगावच्या पावसात वर्षा-दोन वर्षांत त्यात चिखल जाऊन तो आवळतो, मग तो नुसता जड फोर्क. रस्ता डांबरी असेल तर साधा फोर्क घ्या आणि टायर थोडं जाड घ्या. दुसरं, मडगार्ड आणि कॅरिअर लावायची भोकं आहेत का बघा. रोज कामावर जाणाऱ्याला पाठीवर पिशवी म्हणजे पाठीला घाम. तिसरं, आडवी नळी. दोन्ही पायांत सायकल घेऊन उभं राहा. नळी अंगाला लागली तर ती सायकल तुमची नाही. राखाडीची नळी तिरकी, खाली उतरलेली. निळीची उंच.

पोरगी म्हणाली, "माझं ऐकाल तर ग्रे घ्या. कमी किंमत आहे, पण तुमच्या वापराला तीच बरी." विकणारी बाई कमी किमतीची घ्या म्हणते, म्हणजे राखाडी पडून राहिलेली असणार. टायर कुजलेत का बघितलं. नव्हते. तिचं खरं होतं, पण ते लगेच मान्य करणं मला जमलं नाही.

"सर, एक राउंड मारून बघा," ती जावयाला म्हणाली.

"मामा मारतील," जावई म्हणाला.

पायजम्याचा पाय मोज्यात खोचून मी दोन्हीवर फेरी मारली. राखाडी झकास होती. परत आलो तर जावई निळीवर बसला होता. एका हातानं टेबल धरलेलं, पायांची नुसती बोटं जमिनीला. उतरला, राखाडीवर बसला, शीट पार खाली घेतलं. दोन्ही तळवे जमिनीला टेकले. त्याच्या तोंडावर तेच समाधान.

"सर, तुमच्या उंचीला शीट वर पाहिजे, गुडघे दुखतील," पोरगी म्हणाली.

"न्हाय. एवढं खाली जातंय का बघत होतो. ही चालंल."

बुटक्या माणसाला बसता येतं का, हे हा माझ्यासमोर तपासत होता. तिरकी नळी म्हणजे साडी नेसलेल्या बाईलाही चढायला सोपी. मी मुद्दाम म्हणालो, "निळी घ्या. शॉक हाय."

"मामा, राखाडीच बरी वाटतीया."

"का?"

"असंच."

चाळीस वर्षं पाना धरलेल्या माणसाला "असंच" हे उत्तर. मी म्हटलं, आज नको, रविवारनंतर ठरवू.

तो रविवार आला. जावई सोबत्याच्या सायकलीवर शेवटचा जाणार होता. तो गल्लीतून ढकलत गेला आणि मी सुनंदाला म्हणालो, गुंजीला जाऊन येतो, तुझ्या आईच्या माहेरची माणसं भेटतील. खोटं होतं. तिचं माहेरचं घर विकून गेलंय, तिथं आता कुणी नाही. बेळगावात जाऊन गाडी धरली. खिडकीतून रस्ता दिसेल तिथं बघत होतो. एकदा वाटलं दिसला, पण तो दुसराच कोणीतरी होता, पाठीवर उसाची मोळी बांधलेला.

गुंजीच्या स्टेशनात उतरणारा मी एकटाच होतो. फलाटावर झाडाच्या आडोशाला बाकावर बसलो, तिथून रेल्वेचं फाटक आणि रस्ता दिसतो. लग्नानंतर शालनला पहिल्यांदा न्यायला आलतो तेव्हा ह्याच स्टेशनात उतरलो होतो. ती फाटकापर्यंत आली होती भावाबरोबर. आज मी तिच्या जावयाला पकडायला आलो होतो. काय बोलायचं ते ठरवलं होतं. मोठ्यानं बोलायचं नाही. पोरगी माझी आहे, एवढंच म्हणायचं.

बराच वेळ बसल्यावर तो दिसला. फाटकाच्या अलीकडं एक म्हशींचा कळप रस्त्यात होता. जावई उतरला. इकडं तिकडं बघितलं. आता येणार ती, मी म्हटलं, आणि उठून उभा राहिलो. त्यानं खटका उलटा केला, शीट पार खाली दाबलं, परत बसला, आणि दोन्ही पायांनी जमीन ढकलत, लहान पोरं चालवतात तसं, म्हशींच्या कडेनं सायकल चालवत आला. हँडल घट्ट धरलेलं. जीभ दातांत. एक म्हैस जवळ आली तर दोन्ही पाय रोवून थांबला, डोळे मिटले, ती गेल्यावर उघडले. बाई नव्हती. कुणीच नव्हतं. पन्नाशीचा माणूस सायकल शिकत होता.

फलाटावर मला बघितलं आणि त्याच्या हातातून सायकल सुटता सुटता राहिली.

"मामा, तुमी हितं?"

"शीट खाली कुणी घेतलं?" माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

"मीच." मान खाली घालून उभा राहिला. "गर्दी आली की घेतो. पाय टेकलं न्हाय की माझं काळीज हलतंय."

बाकावर बसलो दोघं. मग तो बोलला, इतक्या वर्षांत बोलला नव्हता तेवढं. त्यांच्या वाडीवर सायकलच नव्हती, पायवाटेनं शाळा, पुढं बस. लग्न ठरलं ते सायकलवाल्याच्या पोरीशी. "मांडवात तुमी म्हणालासा, फेरी मारा. मी काय सांगू? सायकलवाल्याच्या जावयाला सायकल येत न्हाय म्हणून सांगू? पाय मुरगाळला म्हणालो. घरात ती सायकल दिसली की लाज वाटायची, म्हणून धाकट्याला दिली. मामींनी चाकं भरल्याली व्हती, ठावं हाय मला."

"आणि शालनला कधी कळलं?"

"मांडवातच. मी सायकल ढकलत न्हेत होतो, चेनच्या अंगानं धरून. चालवणारा माणूस तसा धरत न्हाय म्हणं. पायजमा काळा हुतोय. मामी काय बोलल्या न्हाईत. आजारी पडून आमच्याकडं आल्या तवा एक दिवस म्हणाल्या, परशराम, ती नातीची सायकल काढा परसात. मला दिवसभर करमत न्हाय, तुमी शिका, मी बघती."

परसाकडच्या त्या पलंगावर उशीला टेकून तिनं त्याला शिकवलं. कामावरून आला की अंधार पडेपर्यंत. पहिल्यांदा शीट पार खाली, दोन्ही तळवे जमिनीला. पडायचं भ्या गेलं की शीट एक बोट वर. मग आणखी एक बोट. "म्हणायच्या, गुडघा सरळ व्हईपातूर चढवत जावा. आणि ज्या दिशी गुंजीला जाशीला त्या दिशी तुमास्नी सायकल आली म्हणायचं." ती असेपर्यंत त्याला कोपऱ्यापर्यंत जमत होतं. ती गेल्यावर त्यानं रविवार धरले, गल्लीत मला दिसू नये म्हणून कोपऱ्यापर्यंत ढकलत. पहिल्यांदा जवळचं मच्छे गाव. मग खानापूरच्या अलीकडं. मग खानापूर. गुंजीला तो आज पहिल्यांदा पोचला होता, आणि इथं मी बसलो होतो.

म्हणजे ते चरे. एका बोटाच्या अंतरावरचे. मी त्यात दोन दोन बायका बघितल्या होत्या.

"मला का न्हाय सांगितलं तिनं?" मी विचारलं.

जावयानं रुळाकडं बघितलं. "म्हणाल्या, त्यास्नी सांगू नका. ते शिकवाय येतील."

मला राग आला. गेलेल्या माणसावर राग काढता येत नाही, म्हणून मी उठून ती सायकल तपासायला घेतली. मागचं चाक किंचित आउट होतं. चाक उचलून फिरवलं, नख धरलं. ह्या कामाला आयुष्यात मी पहिल्यांदा डोळे मिटले. आऱ्याचा आवाज आला. पाना जवळ नव्हता. बोटांनी काही पिळा बसेना. "हे घरी गेल्यावर काढू," म्हणालो.

"मामा, तुमी हितं कशापायी आलतासा?"

"असंच," मी म्हणालो.

तो सायकलनं परत निघाला आणि मी गाडीनं. फाटकापर्यंत त्यानं शीट वर घेतलं होतं. मी बघत होतो हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळं जरा जास्तच ताठ बसला होता.

घरी आल्यावर सुनंदाला विचारलं, "तुला ठावं होतं?"

"सगळ्या गल्लीला ठावं हुतं आप्पा. तुमास्नी सोडून." आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. ह्या खेपेला आत गेली नाही.

दुसऱ्या दिवशी राखाडी आणली. कॅरिअर आणि मडगार्ड लावून घेतले. त्या विकणाऱ्या पोरीला मी म्हणालो, तुझं बरोबर होतं बाई, राखाडीच घ्यायची. ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला त्याच दिवशी पटलं होतं, मी बघितलं." तिनं कधी बघितलं कोण जाणे. मी सायकली बघत होतो. दुकानातून बाहेर आल्यावर जावई, रोजच्या चपला, रोजची पिशवी, रस्त्याच्या कडेला माझ्यासमोर सायकलवर बसला, आणि गेला. मी मागून रिक्षानं.

तर लोकांनी हायब्रीड कुठली घ्यावी? साधा फोर्क, भोकं असलेली फ्रेम, आणि शीट इतकं खाली जायला पाहिजे की तुम्हाला भ्या वाटलं तर दोन्ही पाय टेकतील. हे तिसरं कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. दुकानात विचारायला लाज वाटते, म्हणून मी इथं लिहिलं.

आता जावई दर रविवारी गुंजीला जातो. मी पण जातो, गाडीनं. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला बायकोच्या माहेराची ओढ आहे. तसं काही नाही. मी तपासायला जातो. फलाटावर बसतो, तो आला की पहिल्यांदा सायकल घेतो, तोंडाकडं बघत नाही. चाक फिरवून बघतो, मग शीटची नळी. मागच्या रविवारी नळीवर ताजा चरा होता, नेहमीच्या वर. मी विचारलं, शीट खाली कुणी घेतलं? तो म्हणाला, मामा, फाटकाजवळ बैल आडवा आला.

मला अजून ते पटलेलं नाही.